‘सबमिट झालं’ म्हणजे खरं आहे का? अमेरिकेतल्या नर्सिंग होमच्या डेटाचा घोळ

ऑनलाइन फॉर्म भरला, हिरवी टिक आली, की आपण निर्धास्त होतो. पण ती टिक फक्त फॉर्म पोहोचल्याचं सांगते. आत लिहिलेलं खरं आहे का, हे तिला ठाऊक नसतं. अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये याच फरकामुळे मोठा घोळ झालाय.

आधी एक खुलासा. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे छोटं खासगी हॉस्पिटल. तिकडे मात्र म्हातारी किंवा दीर्घकाळ आजारी माणसं जिथे राहतात आणि चोवीस तास नर्सिंग मिळतं, ती जागा.

सिस्टिम चालते कशी?

सरकारी योजनांचे पैसे घेणाऱ्या अशा सुमारे १५ हजार नर्सिंग होमना प्रत्येक रहिवाशाचा एक ठरावीक फॉर्म भरावा लागतो. त्याचं नाव मिनिमम डेटा सेट, म्हणजेच एमडीएस. माणूस दाखल झाल्यावर आणि नंतर साधारण दर तीन महिन्यांनी त्याची तपासणी करून हा फॉर्म भरायचा. चालता येतं का, स्मरणशक्ती कशी आहे, पडून लागलं का, अशी सगळी माहिती त्यात असते. हा डेटा सरकारी सर्व्हरवर जातो. त्यावरून पैसे ठरतात आणि ‘केअर कंपेअर’ वेबसाइटवरच्या स्टार रेटिंगमध्येही तो धरला जातो.

फाइल पोहोचली की सॉफ्टवेअर ती तपासतं आणि रिपोर्ट देतं. गंभीर चूक असेल तर फॉर्म परत, किरकोळ असेल तर नुसती सूचना. पण ही तपासणी रकाने, तारखा आणि कोड यांची. आजी खरंच पडल्या होत्या का, हे सॉफ्टवेअरला कसं कळणार?

मग खोटं पकडलं कसं?

अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये एक अहवाल काढला. त्यांनी दोन रेकॉर्ड शेजारी ठेवले. एक नर्सिंग होमने पाठवलेला एमडीएस, दुसरं हॉस्पिटलने सरकारी विमा योजनेला पाठवलेलं बिल. पडून गंभीर दुखापत झाली आणि हॉस्पिटलात न्यावं लागलं, अशा घटनांपैकी ४३ टक्के नर्सिंग होमनी नोंदवल्याच नव्हत्या! मुद्दाम की दुर्लक्षाने, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. पण नोंद नसली की ते होम वेबसाइटवर जास्त सुरक्षित दिसतं, आणि कुटुंबं तेच बघून आईवडिलांसाठी जागा निवडतात.

म्हणून जुनं रेकॉर्ड महत्त्वाचं

नियमानुसार गेल्या १५ महिन्यांचे फॉर्म रहिवाशाच्या चालू फाइलमध्ये हाताशी ठेवावे लागतात. बाकी वैद्यकीय कागदपत्रं राज्याचा कायदा सांगेल तितकी वर्षं, आणि तसा कायदा नसेल तर डिस्चार्जनंतर ५ वर्षं. फॉर्म दुरुस्त करता येतो, पण जुनी नोंद गायब होत नाही, ती इतिहासात जाते. व्हॉट्सॲपवर मेसेज एडिट केला की फक्त ‘एडिटेड’ दिसतं, आधी काय लिहिलं होतं ते समोरच्याला दिसत नाही. इथे आधीचंही राहतं.

तरीही नुसतं साठवून भागत नाही. चुकीचा फॉर्म १० वर्षं जपला तरी तो चुकीचाच. तो उघडा पडतो तो दुसऱ्या कुणीतरी स्वतंत्रपणे ठेवलेल्या नोंदीमुळे. इथे ते हॉस्पिटलचं बिल होतं. रोजची नर्सची नोंदवहीसुद्धा तेच काम करू शकते, अर्थात ती जपली असेल तर.

त्यामुळे पुढच्या वेळी कुठल्याही ॲपवर पाच स्टार दिसले, की एक प्रश्न नक्की विचारा: हा आकडा भरला कुणी, आणि तो पडताळून बघायला दुसरी नोंद आहे का?