फुलांचा रंग आणि श्रमाचे मोल

खालापूर तालुक्यातील महडच्या वरदविनायकाला वाहिलेल्या जास्वंदी-झेंडूचे दुसऱ्या दिवशी निर्माल्य होते. सण उलटला की बाजारात न खपलेला झेंडू उकिरड्यावर जातो. अशा टाकाऊ फुलांपासून खाद्यपदार्थांसाठी नैसर्गिक रंग काढावेत, ही कल्पना आज मांडली जाते. कल्पना चांगली आहे. परंतु तिचा लाभ कोणाच्या पदरात पडणार, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

रंगाचे अर्थकारण जुने आहे. १८५६ साली पर्किनने डांबरापासून जांभळा रंग काढला. १८९७ साली जर्मन कारखान्याची कृत्रिम नीळ बाजारात आली आणि भारतातील निळीची लागवड मोडकळीस आली. मात्र त्या लागवडीतही रयत नागवलीच जात होती. चंपारणचा १९१७ चा लढा त्याची साक्ष आहे. रंग नैसर्गिक असला म्हणून व्यवस्था न्याय्य ठरत नाही. पुढे रंगांना लागणारी मूलद्रव्ये देशातच व्हावीत म्हणून १९६० साली सार्वजनिक क्षेत्रात हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स स्थापन झाली. पाताळगंगेकाठी रसायनीत तिचा कारखाना उभा राहिला. २०१७ साली केंद्र सरकारने तो बंद करण्याचा निर्णय घेतला.

कृत्रिम रंग स्वस्त पडतो, कारण नदीचे प्रदूषण व माणसाचे आजारपण त्याच्या किमतीत धरलेच जात नाही. कायद्याने मोजक्याच कृत्रिम रंगांना, तेही ठरावीक प्रमाणात, मुभा आहे. तरीही कापडाला लावायचा रोडामाईन-बी गरिबाच्या मुलाच्या हातातील साखरेच्या कापसात सापडला आणि २०२४ साली तामिळनाडू व कर्नाटक सरकारांना बंदीचा बडगा उगारावा लागला. अमेरिकेने २०२१ साली गोकर्णाच्या फुलाच्या निळ्या अर्काला खाद्यरंग म्हणून मान्यता दिली आणि जानेवारी २०२५ मध्ये एरिथ्रोसीन या लाल रंगाची परवानगी काढून घेतली. फुलांच्या रंगाला मागणी वाढणार, हे उघड आहे.

तथापि निर्माल्याचा रंग अन्नात घालणे अयोग्य आहे. त्यावर कुंकू, तेल व कीटकनाशकांचे अंश असतात. त्याचे खत करावे, कापड रंगवावे. अन्नासाठी न विकलेली स्वच्छ फुले, कुंपणावरचा गोकर्ण हीच सामग्री घ्यावी. तीही तपासून आणि कायद्याने अनुमती दिलेल्या रंगापुरतीच.

खरी मेख पुढे आहे. झेंडूतील पिवळे ल्युटीन पाण्यात विरघळत नाही; त्याला द्रावक व यंत्रसामग्री लागते. जास्वंद व गोकर्ण यांचा रंग पाण्यात उतरतो, पण उष्णतेने फिका पडतो आणि आंबटपणाने पालटतो. म्हणजे प्रयोगशाळेवाचून चालत नाही. ती भांडवलदाराच्या हाती राहिली, तर कर्जतच्या ठाकूर-कातकरी स्त्रियांच्या वाट्याला फुले वेचण्याची व सुकवण्याची रोजंदारी तेवढी येईल. नफा अर्क काढणारा नेईल.

याच कर्जत तालुक्यात भाई कोतवालांनी सावकाराच्या पाशातून शेतकरी सोडवण्यासाठी धान्यकोठी उभारली होती. १९४३ साली ते सिद्धगडावर हुतात्मा झाले. कोकण कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्रही कर्जतलाच आहे. शासनाने तपासणीची व अर्क काढण्याची सोय तालुक्याच्या ठिकाणी करावी आणि तिची मालकी वेचणाऱ्या स्त्रियांच्या सहकारी संस्थेकडे द्यावी. कार्यकर्त्यांनी ही मागणी कारखानदार येण्यापूर्वीच ग्रामसभांतून पुढे आणली पाहिजे. ठेकेदाराचे पाय एकदा रोवले गेले की सहकार हा केवळ फलकावरचा शब्द उरतो.