घाटाला दोष देऊ नका

डोंगराने आजवर कोणाचाही गिअरबॉक्स जाळलेला नाही. गिअरबॉक्स जाळतात ते तेलाचं तापमान चालकापासून लपवणारे कारखानदार, वजनाचे अर्धवट आकडे दाखवून गाडी गळ्यात मारणारे विक्रेते आणि स्टिअरिंग हातात असूनही गाडीची चौकशी न करणारे चालक. मी कोलोरॅडोत राहतो आणि मागे जीप जोडलेली मोटरहोम घेऊन रॉकी पर्वतातल्या रस्त्यांवर फिरतो. दर उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला बंद पडलेल्या मोटरहोम दिसतात. खाली लालसर तेलाचं थारोळं, हवेत करपलेला वास आणि मालकाच्या तोंडी एकच वाक्य : "चढ फार होता हो!" हे वाक्य मला आता ऐकवत नाही. चढ किती टक्के आहे हे नकाशात असतं, पाटीवर असतं. डेन्व्हरच्या पश्चिमेचा आयझेनहॉवर बोगदा १९७३ पासून त्याच जागी, ११,००० फुटांहून अधिक उंचीवर आहे. तो कोणाला फसवायला रात्रीतून वर सरकलेला नाही.

आधी हिशेब मांडू, कारण या विषयात हिशेब सोडून सगळं बोललं जातं. सिल्व्हरथॉर्न गावापासून पूर्वेकडे त्या बोगद्यापर्यंत साधारण नऊ मैलांचा रस्ता आहे. तेवढ्यात २,००० फुटांहून जास्त चढायचं आणि चढ काही ठिकाणी सात टक्क्यांपर्यंत. मोटरहोम आणि मागची गाडी मिळून २६,००० पौंड, म्हणजे जवळजवळ बारा टन. हे वजन सात टक्के चढावर ताशी ४५ मैलांनी न्यायचं, तर नुसतं वर उचलायलाच २१५ अश्वशक्तीच्या आसपास लागते. टायरचा आणि हवेचा विरोध त्यावर आणखी. फोर्डच्या जुन्या एफ-५३ मोटरहोम चासीवरचं ६.८ लिटरचं व्ही-१० इंजिन समुद्रसपाटीला ३६२ अश्वशक्ती देतं, तेही मिनिटाला ४,७५० फेऱ्यांवर. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांमागे सुमारे तीन टक्के दम गमावतं. म्हणजे बोगद्यापाशी तीसेक टक्के शक्ती गेलेली. गाडी ४५चा वेग धरूच शकत नाही. तरीही चालक पाय दाबून धरतो, कारण मागून ट्रक येतोय आणि त्याला लाज वाटते.

आता उष्णता. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिनाकडचा पंखा तेल ढवळतो, ते तेल समोरच्या पंख्याला फिरवतं. दोन्ही पंखे एका वेगाने फिरत नसले की मधला फरक तेलाच्या घुसळणीत जातो आणि त्याची सगळी उष्णता होते. लॉकअप क्लच लागला की दोन्ही बाजू एकत्र फिरतात आणि ही घुसळण थांबते. चढावर वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर, ॲक्सिलरेटर दाबून गाडी रेटली की लॉकअप सुटतो. इंजिन १६० किलोवॉट देत असेल आणि त्याचा दहावा हिस्सा जरी घुसळणीत गेला, तरी १६ किलोवॉट उष्णता थेट तेलात. घरातले दोन किलोवॉटचे आठ गीझर एकाच बादलीत सोडण्यासारखं हे आहे. हे काही गाडीचं नशीब नव्हे. हे पदार्थविज्ञान आहे, आणि ते शाळेत सगळ्यांना शिकवलेलं असतं.

या तेलाला १७५ ते २०० अंश फॅरनहाइट, म्हणजे ८० ते ९३ सेल्सिअस, मानवतं. २२०च्या वर ते वार्निश धरू लागतं, २४०ला सील कडक होतात, २६०च्या पुढे क्लचच्या प्लेटा घसरू लागतात आणि ३०० गाठलं की खेळ संपला. मेकॅनिकांचा ठोकताळा असा की, १७५च्या वर दर वीस अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं. गोळाबेरीज म्हणून तो पुरेसा खरा आहे. गिअरबॉक्सचं पॅन उतरवल्यावर हे डोळ्यांनी दिसतं. चांगलं तेल लाल आणि पातळ असतं. भाजलेलं तेल काळपट तपकिरी, बोटाला लावलं तर करपलेला दर्प आणि पॅनमधल्या लोहचुंबकावर काळा लेप. तो लेप म्हणजे आतल्या झिजेचा चुरा. त्यानंतर कितीही महाग तेल ओता, झिजलेली प्लेट परत येत नाही.

तापमानाच्या या एका आकड्यावर सगळं ठरतं. मग तो आकडा चालकासमोर का नसतो? अनेक मोटरहोममध्ये ट्रान्समिशनच्या तापमानाचा काटाच नसतो. नुकसान होऊन चुकल्यावर पेटणारा दिवा तेवढा असतो. जिथे काटा असतो तिथेही बऱ्याचदा तो मधल्या मोठ्या पट्ट्यात मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. तेल पन्नास अंशांनी चढलं तरी काटा हलत नाही, का तर ग्राहक घाबरून सर्व्हिस सेंटरला फोन करू नये म्हणून. याला मी सोय म्हणणार नाही, ही लबाडी आहे. तापमान मोजणारा सेन्सर आत आहे, संगणकाला तो आकडा ठाऊक आहे, त्यावरून संगणक निर्णयही घेतो. फक्त ज्याच्या खिशातून पैसे गेले आणि ज्याची मुलंबाळं मागे बसली आहेत त्याला तो दाखवायचा नाही. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला लावायचं साधं रीडर हा आकडा दाखवतं, आणि त्याची किंमत टाकीभर पेट्रोलपेक्षा कमी असते. लाखभर डॉलरच्या गाडीत कंपनीला तेवढंही देता येत नाही!

विक्रेत्यांची तऱ्हा याहून वाईट. मी गाडी घ्यायला गेलो तेव्हा विक्रेत्याने मागे नेऊन हुकाच्या वरची पाटी दाखवली : ५,००० पौंड. "बिनधास्त ओढा," म्हणाला. मी चासीच्या एकत्रित वजनाची मर्यादा विचारली, तर त्याला तो शब्दच माहीत नव्हता. खरी मर्यादा तिथे असते. एफ-५३च्या एका चासीला गाडीचं स्वतःचं कमाल वजन २२,००० पौंड आणि मागच्या गाडीसह एकूण २६,०००. वजाबाकी करा. गाडी पूर्ण भरलेली असेल, पाण्याची टाकी, सामान, माणसं धरून, तर मागे ४,००० पौंडच उरतात. चार दारांची जीप रँग्लर एकटीच त्याहून जड असते. हुकावरचे ५,००० हे फक्त लोखंडाचं बळ सांगतात, गिअरबॉक्सचं नाही. हे विक्रेत्याने सांगायला नको? सांगितलं तर गिऱ्हाईक मोठ्या चासीची गाडी मागेल किंवा उठून जाईल, म्हणून तो सांगत नाही. आणि गिऱ्हाईकही ट्रक थांब्यावरच्या काट्यावर गाडी एकदा तोलून घेत नाही. तिथे थोडक्या डॉलरमध्ये छापील पावती मिळते, पण बाहेर घालायच्या खुर्च्यांवर तासन्‌तास चर्चा करणाऱ्यांना तेवढा वेळ नसतो.

पिकअप ट्रकांबाबत निदान थोडी शिस्त आली. २००८ मध्ये एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेने ओढण्याची क्षमता ठरवणारं जे-२८०७ नावाचं मानक काढलं. ॲरिझोनातल्या डेव्हिस धरणापाशी सुमारे बारा मैलांचा, ३,००० फूट चढणारा रस्ता आहे. तिथे १०० अंश फॅरनहाइटच्या उन्हात, एसी पूर्ण जोराने चालू ठेवून, पूर्ण वजन ओढत ठरलेला किमान वेग राखायचा. चढताना काहीही बिघडता कामा नये. टोयोटाने २०११च्या टुंड्राला हे मानक लावलं तेव्हा तिचे ओढण्याचे आकडे शेकडो पौंडांनी खाली आले. म्हणजे आधीचे आकडे किती फुगवलेले होते ते कळलं. पण हे मानक ऐच्छिक आहे आणि ते हलक्या गाड्यांसाठी आहे. मोठ्या मोटरहोमना ते लागूच नाही. ज्या गाडीत कुटुंब झोपतं, स्वयंपाक करतं आणि मागे आणखी एक गाडी ओढतं, तिला असा घाट चढून दाखवण्याची सक्ती नाही. यात कोणालाच काही गैर वाटू नये, याचा मला संताप येतो.

मग गल्लोगल्लीचे सल्लागार. त्यांच्याकडे प्रत्येक आजाराला एकच गोळी : मोठा कूलर लावा. कूलर चांगलाच हवा. थरांच्या पत्र्यांचा असेल तर साध्या नळीवाल्यापेक्षा उत्तम. पण तेल आधी रेडिएटरच्या टाकीतल्या कूलरमधून जातं आणि मग हवेच्या कूलरमध्ये. इंजिनाचं पाणीच २२० अंशांवर असेल, तर पहिल्या टप्प्यात तेल त्याखाली उतरणार नाही, कमी तापलेलं असेल तर उलट तापेल. रेडिएटरच्या जाळीत किडे आणि धूळ साचली असेल, तर पुढे लावलेला महाग कूलर काय करणार? मागे इंजिन असलेल्या डिझेल गाड्यांत तर तेलकट वाफ आणि धूळ मिळून रेडिएटरवर चिखल बसतो, तो बाहेरून दिसतही नाही. उंचीवर हवा विरळ, त्यामुळे तीच जाळी कमी उष्णता नेते. चुकीच्या गिअरमध्ये रोज तेल उकळायचं आणि कूलरने ते रोज निववायचं, ही दुरुस्ती नव्हे, ती बेपर्वाईला दिलेली मुदतवाढ आहे.

आता आपल्या माणसांकडे येतो. सिल्व्हरथॉर्नच्या वर, हिवाळ्यात ट्रकवाले चाकांना साखळ्या बांधायला थांबतात त्या जागी, एक मोटरहोम उभी होती. मागे एसयूव्ही. साताऱ्याकडचे एक गृहस्थ बाहेर उभे, वहिनी दारात.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही हो, जरा वास आला. इंजिन बंद केलंय, होईल थंड."

"किती वेळ येत होता वास?"

उत्तर वहिनींनी दिलं. "खालपासूनच. मी म्हणत होते यांना."

"अहो, ऑटोमॅटिक आहे," ते म्हणाले. "गिअर तीच बघते. मी काय करणार?"

मी त्यांना आधी इंजिन सुरू करायला लावलं. तापलेल्या गाडीचं इंजिन झटकन बंद करणं ही सगळ्यात घातक सवय आहे. पंप थांबतो आणि उकळतं तेल कन्व्हर्टरमध्ये तसंच पडून राहतं. न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून, फेऱ्या १,२०० ते १,५०० ठेवल्या की तेल कूलरमधून फिरत राहतं. माझं रीडर त्यांच्या सॉकेटला लावलं. २६२ अंश. डॅशबोर्डवर त्याची काहीही खूण नव्हती. पंधरा मिनिटांत आकडा २१०वर आला आणि ते गृहस्थ पूर्ण वेळ त्या छोट्या पडद्याकडे पाहत होते. हाच आकडा खाली गावात पाहिला असता, तर वर येऊन बघायची वेळ आली नसती.

खंबाटकी, वरंधा, कुंभार्ली चढून-उतरून ज्यांच्या हाडात घाट मुरला आहे, त्यांनी अमेरिकेत येऊन हे विसरावं? चढणीला वेळेवर गिअर खाली टाकायचा, गाडी रडायला लागेपर्यंत थांबायचं नाही, हे एसटीचा कोणताही जुना ड्रायव्हर सांगेल. गिअर ऑटोमॅटिक झाला म्हणून घाट सपाट होत नाही. चढ सुरू होण्याआधी वजन ओढण्यासाठीचं टो-हॉलचं बटण दाबा. मग हाताने खालचा गिअर धरा. इंजिन ४,००० फेऱ्यांवर ओरडेल, पंखा घोंघावेल, मागे बसलेले दचकतील. ओरडू द्या. त्या फेऱ्यांवर पाण्याचा पंप, पंखा आणि ट्रान्समिशनचा तेलपंप जोरात फिरतात, लॉकअप टिकतो आणि तेल थंड राहतं. व्ही-१०ला त्या फेऱ्या झेपतात, त्याची रचनाच तशी आहे. शांत गाडी म्हणजे सुखी गाडी, हा भ्रम टाका. ताशी ३५ मैलांनी उजव्या लेनमध्ये, धोक्याचे दिवे लावून जा. लाज जळणाऱ्या तेलाची वाटली पाहिजे, संथ वेगाची नाही.

काही घाट मागे गाडी जोडून चढायचेच नसतात. वायोमिंगच्या बिगहॉर्न पर्वतातला १४-ए हा रस्ता किंवा जॅक्सनहून आयडाहोकडे जाणारा टिटन पास, दोन्हीकडे दहा टक्के चढ आहे. तिथे पायथ्याला थांबा, गाडी सोडा, घरातल्या दुसऱ्या चालकाने ती वेगळी चालवत न्यावी. दोन टन कमी झाले की गिअरबॉक्सचा सगळा हिशेब बदलतो. पहाटे निघा, हवा गार असते. वजन ओढणाऱ्या गाड्यांसाठी मॅन्युअलमध्ये तेल बदलण्याचं वेगळं, जवळचं वेळापत्रक असतं, ते पाळा. "आयुष्यभर तेल बदलायला नको" म्हणणाऱ्याला विचारा, कोणाच्या आयुष्यभर? कारण गॅरंटीचं आयुष्य संपलं की तो माणूस तुमचा फोन उचलणार नाही.

चालकाने एवढं करायचं, आणि बाकीचं कारखानदारांकडून आणि विक्रेत्यांकडून वसूल करायचं. प्रत्येक मोटरहोमच्या डॅशबोर्डवर ट्रान्समिशनच्या तेलाचं तापमान ठळक आकड्यांत दिसलं पाहिजे. हुकाशेजारी चासीच्या एकत्रित वजनाची मर्यादा लिहिली पाहिजे. डेव्हिस धरणाचा चढ पिकअप जसा चढून दाखवतात, तसाच बारा टनांच्या घरालाही चढून दाखवावा लागला पाहिजे. या तिन्ही गोष्टी जो विक्रेता देऊ शकत नाही, त्याच्या टेबलावर चेकबुक उघडू नका.