सणाचं पावित्र्य आणि दुकानाचं शटर

नोव्हेंबर उजाडला की एक लेख हमखास वाचायला मिळतो. कधी तो न्यू जर्सीहून आलेला असतो, कधी लंडनहून, कधी पुण्यात बसूनच लिहिलेला. सार एकच: या लोकांनी आपले सण बाजारात नेऊन बसवले. कृतज्ञतेच्या दिवसाचा ब्लॅक फ्रायडे झाला, येशूच्या जन्माचा सेल झाला. शेवटी एक उसासा, आणि जमलं तर ‘आपल्याकडेही आता तेच चाललंय’ अशी पुस्ती.

मला या उसाशाचा कंटाळा आलाय. सण पवित्र राहिला की बाजारू झाला, हा प्रश्न ज्याला सुट्टी मिळाली आहे त्याला पडतो. ज्याला मिळाली नाही त्याचा प्रश्न साधा असतो: आज कामावर कोण आहे, आणि त्याला ‘येत नाही’ म्हणता आलं असतं का?

मुळात निर्मळ सण होता आणि व्यापाऱ्यांनी तो नासवला, ही गोष्टच खरी नाही. मॅसॅच्युसेट्स वसाहतीतल्या प्युरिटन मंडळींनी १६५९ साली ख्रिसमस पाळायला बंदी घातली. दंड पाच शिलिंग. बायबलमध्ये या सणाला आधार नाही, हे त्यांचं कारण. पण गुन्हा कशाला म्हटलंय ते बघा. काम न करणं, मेजवानी करणं. देवभोळ्या माणसांनी केलेल्या कायद्यात हातातलं काम खाली ठेवणं हाच अपराध होता. हा कायदा १६८१पर्यंत टिकला.

स्कॉटलंडमध्ये तर प्रकरण फार लांबलं. तिथल्या चर्चचाही ख्रिसमसला विरोध होता, आणि २५ डिसेंबर सार्वजनिक सुट्टी व्हायला १९५८ साल उजाडावं लागलं. तोवर तिथल्या बऱ्याच कामगारांसाठी तो रोजच्यासारखा दिवस होता. इंग्लंडात बँक ऑफ इंग्लंड वर्षाला तेहेतीस दिवस बंद असायची; १८३४ साली ते चारावर आणले. त्यानंतर नऊ वर्षांनी डिकन्सचं ‘अ ख्रिसमस कॅरल’ आलं. आपल्याला त्यातली भुतं आठवतात. पण भुतं येण्याआधी कचेरीत एक खडाजंगी होते, ती भरपगारी एका दिवसाच्या रजेवरून. स्क्रूजची कटकट अशी की काम न करता पगार का द्यायचा. हे वाक्य मी गेल्या पाच वर्षांत निरनिराळ्या शब्दांत बऱ्याच मीटिंगांमध्ये ऐकलंय.

१८७१ साली जॉन लबक या खासदाराने (हा स्वतः बँकर होता) बँक हॉलिडेचा कायदा करून घेतला, तेव्हा २६ डिसेंबरलाही सुट्टी आली. बॉक्सिंग डे हे नाव नोकरचाकर, टपालवाले यांना दिल्या जाणाऱ्या ‘ख्रिसमस बॉक्स’वरून पडलं असं साधारण मानतात. आपल्या दिवाळीच्या पोस्तासारखंच ते. पोस्त देण्याची चाल जिथे असते तिथे एक गोष्ट ठरलेली: सणाच्या दिवशी कुणीतरी दुसऱ्याच्या घरी राबलेलं असतं.

अमेरिकेच्या थँक्सगिव्हिंगचं काय? लिंकनने १८६३ साली तो देशभर पाळायला सांगितला, नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी. १९३९ साली हा गुरुवार ३० तारखेला येत होता. ख्रिसमसच्या खरेदीला दिवस कमी पडणार म्हणून दुकानदारांनी गाऱ्हाणं घातलं आणि रूझवेल्टने सण आठवडाभर अलीकडे ओढला. साधारण निम्म्या राज्यांनी ऐकलं, निम्म्यांनी जुनीच तारीख धरली. लोकांनी ‘फ्रँक्सगिव्हिंग’ म्हणून टिंगल केली. अखेर १९४१ साली काँग्रेसने चौथा गुरुवार असा निकाल लावला. कृतज्ञतेची तारीखच जर दुकानदारांच्या भांडणातून ठरली असेल, तर बाजार नंतर घुसला असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

तरीही उसासा संपत नाही, आणि तो कुणावर निघतो ते बघण्यासारखं आहे. २८ नोव्हेंबर २००८च्या पहाटे न्यूयॉर्कजवळ व्हॅली स्ट्रीम इथल्या वॉलमार्टमध्ये गर्दीने दार मोडलं आणि एक कामगार पायाखाली मेला. खरेदीच्या हावेवर तेव्हा भरपूर लिहिलं गेलं. तो माणूस एजन्सीमार्फत आलेला हंगामी कामगार होता, याची आठवण फार थोड्यांनी ठेवली. गर्दी आवरायची पुरेशी व्यवस्था नव्हती म्हणून सरकारच्या कामगार-सुरक्षा खात्याने दंड सुचवला सात हजार डॉलर, आणि त्याविरुद्धही कंपनी वर्षानुवर्षं भांडली. हाव ही सर्वांची असल्यामुळे कुणाचीच नसते. ड्युटी लावणारा मात्र एक ठरावीक माणूस असतो.

आणि ती ड्युटी लावायला अमेरिकेत कायद्याची आडकाठी जवळजवळ नाही. ज्यांना ‘राष्ट्रीय सुट्ट्या’ म्हणतात त्या केंद्र सरकारच्या नोकरांना लागू. १९३८चा श्रमकायदा खाजगी मालकाला एकही भरपगारी सुट्टी द्यायला लावत नाही, ख्रिसमसचीही नाही. मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड आणि मेन या तीन राज्यांत जुन्या कायद्यांमुळे थँक्सगिव्हिंगला मोठी दुकानं बंद असतात. होय, तेच मॅसॅच्युसेट्स. इंग्लंड-वेल्समध्ये २००४च्या कायद्याने २८० चौरस मीटरहून मोठ्या दुकानांना ख्रिसमसच्या दिवशी उघडायला बंदी आहे. त्या दिवशी लंडनची भुयारी रेल्वेही बंद असते आणि शहर बुडत नाही.

‘इस्पितळं कोण चालवणार?’ हा प्रश्न इथे येतोच. नर्सच्या ड्युटीआड सवलतीतला टीव्ही लपवण्याची ही जुनी युक्ती आहे. ‘काहींना जादा पैसे हवे असतात’ हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि त्याला ऑस्ट्रेलियाने उत्तर दिलंय. तिथे सार्वजनिक सुट्टीला दुकानातल्या कायम नोकराचा दर सव्वादोन पट होतो. क्वीन्सलंडमधल्या एका कोळसा खाणीत २०१९च्या ख्रिसमसला सुमारे ८५ कामगारांना कामावर बोलावलं होतं. २०२३ साली फेडरल कोर्टाच्या पूर्णपीठाने सांगितलं की सुट्टीच्या दिवशी कामावर ये असा हुकूम देता येत नाही, विचारावं लागतं. आणि सबळ कारण असेल तर कामगार नाही म्हणू शकतो. मला या निकालातलं ‘विचारावं लागतं’ फार आवडतं. ख्रिसमसच्या पावित्र्यावरचे शंभर लेख एका बाजूला आणि हे दोन शब्द एका बाजूला.

आता माझ्या धंद्याविषयी. २०११-१२च्या सुमारास अमेरिकेतल्या मोठ्या साखळ्यांनी थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी रात्रीच शटर उघडायला सुरुवात केली होती. कोविडच्या वर्षी दुकानं बंद राहिली, आणि २०२१ साली टार्गेटने यापुढे त्या दिवशी कायमचं बंद ठेवू असं जाहीर केलं. कुटुंबाचा दिवस कुटुंबाला परत मिळाला म्हणून कौतुक झालं. पण सेल बंद झाला नव्हता. शटर खाली आलं आणि वेबसाइट चालू राहिली. गुरुवारी रात्री टर्की खाऊन सोफ्यावर पडलेला माणूस फोनवर ऑर्डर देतो, तेव्हा ती गोदामातल्या कुणाच्या तरी हातातल्या स्कॅनरवर उमटते. आणि पेमेंट अडकलं तर हिंजवडीत एक अलर्ट वाजतो. तिकडचे संध्याकाळचे सहा म्हणजे आमचे शुक्रवारी पहाटेचे साडेचार.

आमच्या टीमला सुट्ट्यांचं कॅलेंडर क्लायंटचं लागू आहे, असं नोकरीला लागताना सांगितलं होतं. म्हणून भाऊबीजेला आम्ही कामावर, कारण तिकडे कामाचा दिवस. आणि थँक्सगिव्हिंगलाही आम्ही कामावर, कारण तिकडे सुट्टी, म्हणजे लोड जास्त. चार वर्षं मी यावर कॅन्टीनमध्ये विनोद केले. गेल्या वर्षीपासून रोस्टर मी बनवतो. पहिल्याच खेपेला त्या गुरुवारच्या रात्री मी नुकत्याच लागलेल्या एका मुलीचं नाव टाकलं. तिला विचारलं नाही; नवीन आहे, नाही म्हणणार नाही, हे मला माहीत होतं. ‘थँक्सगिव्हिंग म्हणजे नक्की काय असतं?’ असं तिने मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, ‘ट्रॅफिक चौपट होतं.’

यंदा मी मॅनेजरला मेल केला: त्या रात्रीसाठी आधी विचारू या, जो येईल त्याला दोन दिवसांची बदली रजा देऊ या. उत्तर सभ्य होतं. सिस्टिममध्ये सुट्टीच्या दिवशी काम केलं तरच बदली रजेचा पर्याय उघडतो, आणि हा दिवस आपल्याकडे सुट्टी म्हणून नोंदलेला नाही. मी कॅलेंडर उघडून पाहिलं. क्लायंटच्या यादीत तो ‘हॉलिडे’ होता. आमच्या यादीत त्याच तारखेपुढे ‘पीक’ असं लिहिलं होतं, आणि शेजारचा नावाचा रकाना भरायचा राहिला होता.