मोठी चाकं, कमी ॲव्हरेज

‘हायब्रिड गाडी ब्रेक दाबताच वीज परत मिळवते; चाकं मोठी घातली तरी ॲव्हरेज घटत नाही,’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचं म्हणणं टिकत नाही. ब्रेकमधून ऊर्जेचा काही हिस्साच परततो. टायर दबता-फुलताना तापतो, त्यात गेलेली परत येत नाही.

टोयोटाची 2023ची प्रियस पाहा. अमेरिकी सरकारी आकड्यांनुसार 17 इंची चाकांवर गॅलनला 57 मैल, 19 इंची चाकांच्या वरच्या मॉडेलांवर 52. टायरची रुंदी दोन्हीकडे 195 मिलिमीटरच! (वरच्या मॉडेलांचं जादा वजनही त्यात आलं, हे खरं.)

शिवाय टायरचा बाहेरचा व्यास वाढला की ओडोमीटर अंतर कमी दाखवतो. जयसिंगपूर-कोल्हापूर खेपेचा हिशेबच चुकतो. हौसेनं अलॉय बदलणाऱ्यांनी आधी ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा साइज आणि हवेचा दाब वाचावा.

— एक वाचक, जयसिंगपूर