घरगुती विज्ञान : कुठे पाणी भरले, कुठे गॅस काढला



संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगूळ वाटून झाल्यावर गप्पा रंगल्या त्या चक्क भूकंपावर. ग्रोनिंगनहून आलेले आपले एक सभासद घराच्या भिंतींना गेलेल्या तड्यांबद्दल सांगत होते. तेवढ्यात साताऱ्याहून लेकीकडे आलेल्या एक आजी म्हणाल्या, "कोयनेच्या भूकंपानंतर आम्ही कितीतरी रात्री अंगणात झोपलो!" दोन्हीकडे भूकंप माणसामुळे कसा होईल, असे मुलांनी विचारले. आम्ही रसायनशास्त्रवाले, पण दाबाचे गणित थोडेफार ओळखीचे, म्हणून हा प्रपंच.

कोयनेचे धरण १०३ मीटर उंच. शिवसागर जलाशयाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून कोकणात पोफळीकडे उतरते आणि वीज तयार होते. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी साठू लागले आणि छोटे धक्केही जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे मोठा भूकंप झाला; पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली. जमिनीखालच्या खडकात मुळातच ताण असतो. वरच्या पाण्याचा भार आणि भेगांत झिरपलेल्या पाण्याचा दाब यांनी तो मोकळा झाला, असे शास्त्रज्ञ मानतात. ग्रोनिंगनला याच्या उलट! तिथे १९६३पासून गॅस काढला, आतला दाब उतरला, सच्छिद्र खडक दबला आणि भेगा सरकल्या. २०१२मध्ये हौझिंगे गावाला ३.६ तीव्रतेचा धक्का बसला.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी. ऊब आणि उजेड सगळ्यांना, झळ मूठभरांना. ग्रोनिंगनकरांच्या हिताकडे दुर्लक्ष झाले, असे इथल्या संसदेच्या चौकशी समितीने २०२३मध्ये स्पष्ट लिहिले. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला तिथला गॅस काढणे थांबले. कोयनेत गावे बुडाली, आणि महाराष्ट्रात पुनर्वसनाचा कायदा आला तो १९७६मध्ये! धरण होऊन अर्धशतक उलटल्यावरही धरणग्रस्तांना कबूल केलेल्या जमिनीसाठी आंदोलने करावी लागली.

आमच्यापैकी कितीतरी जणांनी कोयनेच्या विजेवर रात्र रात्र अभ्यास केला, पदव्या मिळवल्या आणि इथवर आलो. त्या पाण्याखालच्या एका तरी गावाचे नाव सांगता येईल का? आम्हाला त्या संध्याकाळी सांगता आले नाही, आणि मुलांसमोर मान खाली गेली.

पाटण-जावळी भागातले कुणी सभासद असतील, तर त्यांनी आपल्या आजोळची, शेजारची बुडालेली गावे कळवावीत. पुढच्या अंकात ती नावे छापू.