शेवटची ओळ कापली गेली!



परीक्षा जवळ आली की आपल्या होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये एकच प्रश्न घुमतो, "इंटर्नशिप कुठे?" कुणी पुणे म्हणतो, कुणी बुटीबोरी, कुणी खोलीत बसून ऑनलाइन सर्टिफिकेट मिळवतो. मी मागच्या जूनमध्ये एका कृषी संस्थेच्या माहिती कक्षात चार आठवडे काम केले, असे सांगितले तेव्हा मेसमध्ये हशा पिकला. "मेकॅनिकलवाला आणि प्रेसनोट? पत्रकारच व्हायचं होतं तर इथं कशाला आलास?" प्रश्न रास्त आहे. म्हणूनच हा लेखनप्रपंच!

आधी काम काय ते सांगतो. शास्त्रज्ञ संशोधन करतो आणि वार्ताहर बातमी छापतो. या दोघांच्या मधे एक टेबल असते. त्या टेबलावरचा माणूस शास्त्रज्ञाला प्रश्न विचारतो, त्याचे म्हणणे साध्या भाषेत लिहितो, त्याच्याकडूनच तपासून घेतो आणि मग पेपरला पाठवतो. वार्ताहराचा फोन आला तर योग्य तज्ज्ञाशी गाठ घालून देतो. चुकीचे छापले गेले तर दुरुस्ती पाठवतो. ऐकायला सोपे वाटते ना? मलाही वाटले होते.

पहिल्याच आठवड्यात मला धानाच्या बीजप्रक्रियेवर प्रेसनोट लिहायला दिली. मी कामठ्याचा, धानाच्या बांधीत वाढलेला. म्हटले, हे तर घरचेच काम! १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवायचे, म्हणजे ३ टक्के द्रावण झाले. त्यात बियाणे टाकून ढवळायचे. हलके, रोगट धान वर तरंगते ते काढून टाकायचे. तळाचे बियाणे साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवायचे आणि सावलीत वाळवायचे. मी सुरुवातीला धानशेतीच्या परंपरेवर एक छान परिच्छेद लिहिला, मग संस्थेची माहिती, मग कृती. धुण्याची ओळ साहजिकच सगळ्यात शेवटी आली.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. मी कात्रण काढून खिशात ठेवले. संध्याकाळी गावाहून काकाजींचा फोन, "काऊन बाबू, मीठ टाकलं, हलकं धान वर आलं, काढलं. आता धुवाचं का तसंच टाकाचं पऱ्ह्यात? पेपरात त लिवलंच नाही!"

कात्रण पुन्हा वाचले आणि पायाखालची जमीन सरकली. जागा कमी पडली म्हणून उपसंपादकाने बातमी खालून कापली होती. परंपरेचा परिच्छेद शाबूत, धुण्याची ओळ गायब! मिठाचे बियाणे न धुता टाकले तर उगवणीला फटका बसणार. काकाजींनी फोन केला म्हणून त्यांना कळले. ज्यांच्या घरी फोन करण्यासारखा पुतण्या नाही, त्यांचे काय?

दोष पेपरचा होता का? मला विचाराल तर माझा जास्त. बातमी खालूनच कापली जाते हे या धंद्यातले पहिले पाठांतर. म्हणून जी गोष्ट गाळली तर नुकसान होईल ती वर घ्यायची. आकडा आणि त्याचे एकक कधी वेगळे करायचे नाही. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीची नोट पाठवली, पाचच ओळींची. पहिल्याच वाक्यात मीठ, पाणी आणि धुणे. ती पूर्ण छापून आली.

आता सांगा, हे इंजिनिअरिंग नाही तर काय आहे? कुठला भाग निकामी झाला तर सगळे यंत्र बसेल, हे आधी ओळखायचे. फरक इतकाच की इथे भाग शब्दांचे असतात.

दुसरा मुद्दा आपल्या भागाचा. चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे आठवा. शिक्षण तिसरीपर्यंत, शेत दीड एकर. १९८३ साली 'पटेल ३' धानात त्यांना वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी जपल्या, वाढवल्या आणि त्यातून 'एचएमटी' तांदूळ आला. नाव मनगटी घड्याळावरून पडले! पुढे कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही-एचएमटी' हे वाण आणले आणि श्रेय कुणाचे यावर वाद होत राहिला. दादाजींना राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला तो २००५ मध्ये. म्हणजे तब्बल २२ वर्षांनी! २०१८ मध्ये ते गेले. मला राहून राहून वाटते, १९८३ साली जवळच्या कॉलेजातला एखादा पोरगा वही घेऊन त्यांच्या बांधीवर गेला असता, तारीख, जागा, निरीक्षण लिहून पेपरला दिले असते, तर? वाद कदाचित झालाही असता, पण दादाजींच्या हातात छापील कागद असता.

बाहेरच्या जगात हे काम गंभीरपणे शिकवतात. अमेरिकेत विज्ञान आणि इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात दहा आठवडे वर्तमानपत्रांत व वाहिन्यांत पाठवण्याची फेलोशिप १९७० च्या दशकापासून चालू आहे. लंडनमध्ये २००२ साली खास वार्ताहर आणि शास्त्रज्ञ यांची गाठ घालून देणारे केंद्र निघाले. आपल्याकडे मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करते. पण केंद्र सरकारची 'विज्ञान प्रसार' ही १९८९ ची संस्था २०२३ मध्ये बंद झाली. म्हणजे एक दार मिटले. मग आपण दुसरी उघडायला नकोत?

आता अडचणीही प्रामाणिकपणे सांगतो. मला स्टायपेंड शून्य मिळाला. कामठा ते गोंदिया रोजचे बसभाडे खिशातून गेले. ज्याच्या घरी सुट्टीत रोवणीला हात लागतात, त्याला हे परवडत नाही. "अनुभव मिळतोय ना" म्हणून पोरांना फुकट राबवणे मला मान्य नाही. संस्थांनी निदान बसभाडे आणि दुपारचे जेवण तरी द्यावे. आणि एक, नुसते कात्रणे चिकटवायला आणि फोटो काढायला बसवले तर चार दिवसांत सोडा. लिहायला आणि शास्त्रज्ञाशी बोलायला मिळत नसेल तर ती इंटर्नशिप नव्हे.

आमच्या सरांना आणि मॅडमना विनंती आहे. एआयसीटीईच्या २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात इंटर्नशिपला जागा आहे. त्या यादीत कारखाना आणि सॉफ्टवेअर कंपनीच्या शेजारी कृषी विज्ञान केंद्र, संशोधन केंद्र, वनविभाग यांचे माहिती कक्षही यावेत. आणि सुरुवात घरातूनच करता येईल. प्रत्येक विभागाच्या उत्तम प्रोजेक्टवर पाच ओळींची मराठी प्रेसनोट, विद्यार्थ्याने लिहिलेली, गाइडने तपासलेली. बघा जमतंय का!

विषयांची वानवा नाही. सिव्हिलवाल्यांनो, आपले मालगुजारी तलाव आजही पाणी कसे धरून ठेवतात? कामठ्याजवळ बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, तिची गोष्ट कुणी लिहिली? जूनमध्ये सारस मोजले जातात, ते कसे? मात्र सारसाचे घरटे कुठल्या बांधीत आहे ते लिहू नका. उद्या तिथे कॅमेऱ्यांची जत्रा भरेल. काय लिहायचे नाही, हेही इथेच शिकायला मिळते.

ते कात्रण मी अजून जपून ठेवले आहे, खोलीत टेबलासमोर चिकटवले आहे. येता-जाता दिसते. यंदा जूनमध्ये काकाजींचा पुन्हा फोन आला. म्हणाले, "बाबू, औंदा पुरं लिवजो."

पुरं लिहायला माणसं हवीत. येताय ना?