यंदा सत्काराला बिदरीच द्या



वार्षिक सर्वसाधारण सभा जवळ आली की सत्काराच्या सामानाची यादी निघते. शाल, हार आणि चकचकीत प्लास्टिकची ट्रॉफी. ती ट्रॉफी वर्षभरात माळ्यावर जाते. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, यंदा बिदरीची वस्तू द्यावी.

बिदरचं नाव जगात नेलं ते या कामानं. बहामनी काळापासूनची ही कला. जस्तात थोडं तांबं घालून भांडं ओततात, घासून गुळगुळीत करतात, छिन्नीनं नक्षी कोरतात आणि खाचेत चांदीची तार ठोकून बसवतात. शेवटी किल्ल्यातली जुनी माती नवसागर घालून पाण्यात कालवतात आणि गरम भांड्याला लावतात. धातू काळाभोर होतो, चांदी मात्र तशीच चमकते. ऊन-पाऊस न लागलेलीच माती चालते, कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतात. आपण पाणी बघून जाळं कुठं टाकायचं ते ठरवतो, तसंच हे. पुस्तकात मिळत नाही.

2006 साली बिदरीला भौगोलिक मानांकन मिळालं. 2023 साली शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री जाहीर झाली. अभिमानाची गोष्ट आहे, पण मानानं चूल पेटत नाही. चांदी महागली, काम वेळखाऊ. गिऱ्हाईक टिकलं तरच पोरं बापाजवळ बसून शिकतील.

आपल्या धंद्यात काय झालं बघा. तयार नायलॉनचं जाळं आलं, स्वस्त पडलं, त्याला माझा विरोध नाही. पण हातानं विणणं सुटलं आणि आता फाटलेलं जाळं नीट सांधणारे बोटावर मोजण्याइतके राहिले. कला गेल्यावर तिची किंमत कळते.

काही जण म्हणतील, बिदरी महाग आहे. खरं आहे. मग शाल-हार बंद करू आणि लहान वस्तू घेऊ. छोटी डबी चालेल, चावीची साखळीसुद्धा चालेल. पण दलालाकडून नको, थेट कारागिराकडून घ्यायची. त्यावर एक मासा कोरून मागू, म्हणजे संस्थेची खूण राहील.

संचालक मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय मी मांडणार आहे. पटत असेल तर आपल्या संचालकाला सांगा, पटत नसेल तर कार्यालयात या, बोलू.

— सचिव